कंबरभर खड्डा

३ डिसेंबर १९८३
बदलीचं ऐकून शुभदा रडली होती. हे घर पाहिलं तर पुन्हा मिरजेचं नाव काढायची नाही. तारकर्लीच्या अलीकडे, भोवती दगडी गडगा, विहीर, सात माड, एक फणस. घरमालक विश्राम समोरच राहतो. मूलबाळ आहे का, एवढंच त्याने विचारलं. दीड वर्षाची छकुली आहे, आईबरोबर मिरजेहून मागाहून येईल म्हटल्यावर चेहरा खुलला त्याचा. रात्रीची पेजही त्यानेच पाठवली. असा भला माणूस शोधून सापडायचा नाही.

५ डिसेंबर
सकाळी फणसाखाली मांजर मरून पडलेलं. विश्राम हाकेला आला, पण गडग्याबाहेरच थांबला. "डाक्टरांनू, तुमीच पुरा. ह्यातला तुमकाच कळता," म्हणाला आणि कुदळ आत सरकवली.

मी डॉक्टर नाही, साधा आरोग्य सहायक. पण हे काम माझ्याइतकं नीट तालुक्यात कोणी करत नसेल. नाकाला रुमाल, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या. विहिरीपासून साठ पावलं लांब कंबरभर खड्डा, खाली चुना, वर चुना, माती चोपून वर दगड. पिशव्या जाळल्या, कार्बोलिक साबणाने दोनदा हात धुतले. विश्राम शेवटपर्यंत बघत होता. सगळं उरकल्यावर त्याने मला हात जोडले. हसूच आलं.

८ डिसेंबर
आज कुत्रा. जखम नाही, तोंडाला फेस नाही. मांजराचा खड्डा उघडा आणि रिकामा. विश्राम म्हणतो, कोल्ह्याने उकरला असेल. पण कोल्ह्याने तळाचा चुना विस्कटला असता. तो जसाच्या तसा होता.

त्याच खड्ड्यात पुरा म्हणाला. कुत्रा त्यात बरोबर मावला. मी खड्डा वाढवला नव्हता.

११ डिसेंबर
वासरू. खड्डा आधीच उघडा, वासराच्या मापाचा. पुरलं. कुदळ हातात राहीना. ताप भरलाय. शुभदा परवा निघणार होती. 'येऊ नकोस' अशी तार लिहून विश्रामकडे दिली. तो लगेच मालवणला गेला.

१२ डिसेंबर
दूध घालणारी नर्मदा आज गडग्यावरून बोलली. इथल्या राखणदाराला, जागा राखणाऱ्या भुताला, या घरातलं मूल लागतं. विश्रामची दोन गेली. आता एकच उरलंय. राखणदार आधी जनावरं टाकतो. ती जो आपल्या हाताने पुरतो, त्याला तो घरधनी मानतो आणि मूल त्याचं घेतो. "इश्रामान तुमका पुढे केल्यान," म्हणाली. इतके दिवस का नाही बोललीस, विचारलं. दुधाची चरवी उचलून ती चालू लागली.

सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि मी त्याच्या हातची पेज गोड मानून खाल्ली. माझ्या कामाचा मलाच केवढा अभिमान — जीव जळतो नुसता.

छकुली मिरजेत आहे. तार पोचली असेल. तार —

विश्रामकडे दिली होती.

१३ डिसेंबर, सकाळ
उभं राहवत नाही. खिडकीतून दिसतं. खड्डा उघडा. वासरू नाही. आज खड्डा लहान झालाय. दोन हातांचा. त्याहून थोडा —

दुपार
शुभदाचा आवाज. गडग्यापाशी. म्हणते, 'लगेच ये' अशी तुमचीच तार आली — माझ्या नावाने विश्रामने —

विश्राम तिची पेटी धरून बाहेरच उभा. माझ्याकडे बघत नाही.

ओरडतोय. आवाज फुटत नाही. तिने छकुलीला खाली ठेवलं. छकुली हसतेय. फणसाकडे — कोणीतरी बोलावल्यासारखी — शुभदा, धर ति