'बघू'चा रकाना

१४ मार्च

दादा,

साष्टांग नाही, पण नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझ्याकडे नसणार, हे टीव्हीवर दिसलंच.

आधी एक गंभीर तक्रार. तुझ्या सर्वेक्षण कचेरीतल्या माझ्या खुर्चीचं एक चाक गेल्या उन्हाळ्यात निखळलं. तेव्हापासून मी डावीकडे कलून बसते आणि लोक मला डाव्या विचारांची समजतात. चाक बसवून दे म्हटलं की तू म्हणायचास, "बघू." खुर्ची अजून तिरकीच आहे. ह्या एका शब्दावर तुझी सगळी कंपनी तिरकी झाली, म्हणून आठवण करून दिली.

आपल्या कचेरीतल्या मुलींनी घरोघरी फोन लावून विचारलं, "नगराध्यक्षांना पुन्हा मत देणार का?" निम्मं शहर म्हणालं, "बघू." तू ते सगळे 'बघू' उचलून 'हो'च्या रकान्यात घातलेस. मी म्हटलं, "दादा, बघू म्हणजे नाही. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून माणसं तसं म्हणतात." त्यावर तू भरल्या कचेरीत म्हणालास, "घरगुती अंदाज घरी कर." म्हणून मी घरी गेले. जाताना दारातून ओरडले, "नगराध्यक्ष पडणार!" तुझा हिशेबनीस हसला होता. आता त्याला माझा नमस्कार सांग. पुन्हा सांग.

काय पडले रे! मोजणी संपायच्या आत त्यांच्या मंडपाच्या खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. आणि तू कोट घालून, घाम पुसत सांगत होतास, "मतदाराने ऐनवेळी विचार बदलला." मतदाराने काहीही बदललं नाही. त्याने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. मी घरात एकटीने टाळ्या वाजवल्या. शेजारणीला वाटलं, डास झाले.

पण तुझं चुकलं कुठे, ते टाळ्या वाजवतानाच मला कळलं. आई तुला 'बघू' म्हणाली की आठवड्यात सायकल दारात. मला 'बघू' म्हणाली की विषय संपला. एकाच घरात आपण दोघं दोन भाषा शिकलो.

सायकलचं काही नाही. तुझीच चालवली मी, पाडलीही. पण गणित शिकायला बाहेरगावी जाऊ का, असं मी विचारलं होतं, आठवतं? आई भाजी निवडत होती. "बघू," म्हणाली. मी उठून आत गेले. तू मागून आलास आणि म्हणालास, "रडतेस काय वेडे? बघू म्हणालीय ना!"

इतकी वर्षं मी समजत होते, तू मला चिडवलंस. तो राग मी नीट घडी घालून ठेवला होता. दादा, तू चिडवत नव्हतास. तुला ते खरंच 'हो' वाटलं होतं. तू माझ्यासाठी खूश झाला होतास. निकाल लागेपर्यंत मला हे कळलं नाही, आणि म्हणे माणसांचं मन मला कळतं!

काल तू दारात आलास. चप्पल न काढताच म्हणालास, "परत येशील? प्रश्न तू काढ, रकाने तू ठरव." मी म्हटलं, "बघू." आणि तुझा चेहरा पडला. गुपचूप जिना उतरलास. मी खिडकीतून बघत होते. जन्मात पहिल्यांदा तुला तो शब्द कळला! नगराध्यक्ष पडल्याचा आनंद त्यापुढे काहीच नाही.

तर ऐक. येते. सोमवारपासून. 'बघू'ला वेगळा रकाना हवा, आणि प्रत्येक 'बघू'ला दुसरा फोन.

दुसरा फोन का, तेही सांगते. तू हसशील, हस. मतदानाआधी वहिनीला मी तोच प्रश्न विचारला होता. ती 'बघू' म्हणाली. मी तिला बेधडक 'नाही'त टाकलं, वर तिच्याशी पैजही लावली. तिने मत नगराध्यक्षांनाच दिलं. म्हणते, "अगं, मी खरंच बघत होते!"

हरणाऱ्याने दिवाणखान्याचे पडदे शिवायचे, असं ठरलं होतं. शिवलेत. ही चिठ्ठी ज्या पिशवीतून पाठवतेय, तिच्यातच खाली आहेत. कोणाला न सांगता तिच्या हातात दे.

तुझी,
'येते' म्हणालेली धाकटी