गुडघे नसलेल्यांसाठी रस्ता

खिवा, १३ एप्रिल

सपारभाऊजी,

सलाम. तुम्ही आणि धाकट्या जाऊबाई खुशाल असाल, अशी आशा करते.

आज पाचला उठले. तंदूर पेटवून नान भाजले, अंगण झाडलं, पाणी मारलं. पाहुण्याबाईंना नाश्ता दिला. दहाला नळ गेला, अकराला आला. काल ह्यांच्यामागच्या इद्दतीचे, शोकाचे, चार महिने दहा दिवस पुरे झाले. शोकाचा पांढरा रुमाल धुऊन दोरीवर घातला आहे. वाऱ्याने तो दोनदा पडला, दोनदा पुन्हा धुतला.

तुमचं घर इथून चालत बारा मिनिटांवर आहे, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. समोर उभी राहून मला हे बोलता येणार नाही, म्हणून. मी चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. फळ्यावर लिहायची सवय आहे, तोंडाने सांगायची नाही.

तुम्ही मयतीला आलात, खांदा दिलात, शहराच्या तटभिंतीच्या उतारावरल्या आपल्या कबरींपर्यंत शेवटपर्यंत चालत गेलात, हे मी खिडकीतून पाहिलं. नंतरच्या जेवणांनाही तुम्ही पुरुषांमध्ये येऊन बसलात. आपण बोललो नाही. अकरा वर्षांत बोललो नव्हतो, तेव्हा एकदम काय बोलणार.

ह्यांनी शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना विचारून घेतलं, “माझ्यावर राजी आहात ना? मनात काही राग नाही ना?” मला विचारलं. शेजाऱ्यांना विचारलं. नानवाल्याला बोलावून विचारलं. तो बिचारा घाबरून म्हणाला, “मास्तर, तुम्ही माझं काय वाईट केलंत? एकदा नान कच्चा आहे म्हणालात, तो खरंच कच्चा होता.” ह्यांना हसताना ठसका लागला. पण तुमचं नाव त्यांनी काढलं नाही. मी दोन रात्री वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. सख्खा धाकटा भाऊ बारा मिनिटांवर आणि हा माणूस त्याला न विचारता गेला. माझ्यामुळे गेला. माझ्यामुळे का, ते खाली लिहिते.

आधी पाहुण्याबाईंचं. हान्ना नाव. जर्मनीच्या, वय एकोणऐंशी, हातात काठी. ही त्यांची चौथी खेप. परवा आल्या, ह्यांच्या जाण्याचं ऐकलं. मग आपल्या मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाल्या, “त्यांचा तो रस्ता द्याल का? गुडघे नसलेल्यांचा?”

तुम्हाला माहीतच आहे, ह्यांनी घरी भाड्याने उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी रस्ते लिहून ठेवले होते. भूगोलाचा मास्तर, नकाशा काढल्याशिवाय चैन नाही. एक गुडघे असलेल्यांसाठी, तटावर चढून जाणारा. एक गुडघे नसलेल्यांसाठी. “पश्चिमेच्या दरवाजातून बाहेर पडा. भिंत उजव्या हाताला ठेवा. उत्तर दरवाजापाशी चढ आहे, लोक तुम्हाला चढा म्हणतील, हसून पुढे जा. तुतीच्या झाडाखाली एक सुतार दार कोरत बसलेला असेल. त्याच्याकडे पाणी प्या आणि हा कागद दाखवा. पुढे कालव्याच्या काठाकाठाने तळ्यापर्यंत सावली आहे.” आणि शेवटी ठळक अक्षरांत, “कागद संध्याकाळी परत करा.”

त्या परत करण्यावरून मी त्यांना चिडवत असे. “अहो, एका कागदासाठी पाहुण्यांच्या मागे काय लागता? चिक्कू म्हणतील.”

“म्हणू देत,” ते म्हणत. “कागद झाडापासून होतो.”

परवा मी बाईंना म्हटलं, कागद कुठे ठेवलेत ते शोधावं लागेल. बाई म्हणाल्या, “शोधा ना. मी तुमची पोस्टमन होते. माझ्या कागदावर खाली ते लिहायचे, मग तो सुतार लिहायचा. मला एक अक्षर वाचता यायचं नाही. दोघंही लिहिताना तोंड वाकडं करायचे, अगदी सारखं.”

मी चहा ओतला, तो कपाबाहेर गेला.

कागद त्यांच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात होते. एकशे साठ निघाले. वर इंग्रजीत आणि रशियनमध्ये रस्ता. खाली आपल्या भाषेत एक ओळ त्यांची, एक तुमची, त्या सुताराची. “पाठ कशी आहे?” “बरी आहे. तुतीला कीड लागली.” “राख टाक.” “टाकली. उत्तरेचा जिना बंद आहे, रस्ता बदल.” “बदलला.” एका कागदावर तुम्ही लिहिलंय, “आजची पाहुणी फार बडबडी आहे, पुन्हा पाठवू नकोस.” त्याखाली ह्यांचं, “माझ्या घरात ती तीन दिवस आहे. तू अर्धा तास सोस.”

सगळ्यात जुना कागद तळाशी होता. अकरा वर्षांपूर्वीचा.

आता ते लिहिते.

सासूबाईंच्या विसाव्या दिवसाच्या जेवणात तुम्ही भरल्या ताटांसमोर म्हणालात, “या घरात आईला घास भरवायला कुणाला वेळ नव्हता.” ह्यांनी तुम्हाला उठून जायला सांगितलं. भांडण तुमचं दोघांचं झालं, पण बोल मला लागला होता. सहा महिने मी त्यांना माझ्या हाताने भरवत होते. तुम्ही दुःखात बोललात, हे मला तेव्हा दिसत होतं. तरी लागला.

दोन महिन्यांनी तुम्ही आलात. हातात हिवाळी खरबूज, लव्हाळ्याच्या जाळीत बांधलेलं. दार मी उघडलं. तुम्ही म्हणालात, “वहिनी, दादा आहे का?” मी म्हटलं, “नाहीत. कधी येतील माहीत नाही.” तुम्ही खरबूज उंबऱ्यावर ठेवून गेलात.

भाऊजी, ते घरात होते. गच्चीवर माती लिंपत होते. खाली आल्यावर विचारलं, “कोण होतं?” मी म्हटलं, “खरबूजवाला. एक घेतलं.”

रात्री आम्ही ते कापलं. ते म्हणाले, “गोड आहे.” दुसरं काही नाही. तुम्ही पुन्हा आला नाहीत. आज सांगू, उद्या सांगू, असं करत माझी अकरा वर्षं गेली. शेवटच्या आठवड्यात तर शब्द ओठांवर होते. त्यांना धाप लागलेली, म्हटलं आता हे ओझं त्यांच्यावर कशाला. खरं म्हणजे भीती वाटली.

तळाच्या कागदावर तुमची ओळ आहे, “दादा, मी आलो होतो. खरबूज मिळालं का?”

आणि त्यांची, “मिळालं. जाळीला गाठ बाबा मारायचे तशी होती, ती बाजारात कोण मारतो? तुझ्या वहिनीला काही विचारू नकोस. तिच्या मनात येईल तेव्हा तिचं ती सांगेल. तोवर दर गुरुवारी तळ्यावर ये.”

म्हणजे दर गुरुवारी “रस्ता तपासून येतो” म्हणून चहाचा थर्मास घेऊन जात होते, ते हे. मी थर्मास भरून देत होते! दोन पेले का नेता, असं विचारलं तर म्हणाले, एक फुटला तर. मी विश्वास ठेवला. लबाड माणसं तुम्ही दोघंही.

सगळ्यात वरचा कागद नोव्हेंबरातला. अक्षर हललेलं. “आता तळ्यापर्यंत येणं होणार नाही. राजी आहेस ना, सपार?” खाली तुमचं, “राजी आहे, दादा. तूही राहा.”

मी हे तीनदा वाचलं. रडू येईल असं वाटलं होतं. आली ती भूक. चार महिन्यांत पहिल्यांदाच सपाटून भूक लागली. बराकचं पीठ मळलं, त्यात अंड्याचं सारण भरलं, उकळून दोन ताटल्या एकटीने खाल्ल्या आणि दिवसाढवळ्या झोपले.

त्यांना ठाऊक होतं आणि अकरा वर्षं त्यांनी माझ्या हातचा चहा तसाच घेतला. ते थांबले होते, मी सांगेन म्हणून. त्यांना सांगायचं राहिलं. तुम्हाला सांगते. त्या दिवशी दादा घरी होते. मी खोटं बोलले. माझ्यावर राजी व्हा.

हे पत्र हान्नाबाईंच्या हाती देते आहे. त्या आज गुडघे नसलेल्यांच्या रस्त्याने निघाल्या आहेत. खाली दोन ओळींची जागा सोडली आहे. कागद संध्याकाळी परत करा.

गुरुवारी मी तळ्यावर येईन. माझेही गुडघे आता गेलेच आहेत. थर्मास मी आणते, दोन पेले तेच. जाऊबाई येणार असतील तर तिसरा तुम्ही आणा.

ती जाळी मी टाकली नव्हती. स्वयंपाकघरात दाराआड खिळ्याला आहे, अकरा वर्षं रिकामी. बाई गेल्या की तिच्यात कांदे भरून छताला टांगते. गाठ सोडता आली तर.

खरबूज फार गोड होतं, हे तुम्हाला कळवायचं राहून गेलं.

तुमची वहिनी,
बिकाजोन