तापलेल्या रुळात अडकलेली चादर

तीर्थरूप आईला थोरलीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला कमी झाला का?

लाँड्रीत हॉटेलाच्या चादरी इस्त्री करायच्या मोठ्या यंत्रावर मी असते. परवा तापलेल्या रुळात चादर अडकली. मुकादम म्हणाले, "यंत्र बंद करू नकोस, तशीच ओढून काढ." आजवर मी त्यांचं सगळं ऐकलं. कुणाचं मन मोडू नये, असं तूच शिकवलंस ना! पण परवा तोंडातून निघून गेलं, "नाही, मी हात घालणार नाही."

ते शेजारच्या नव्या बाईकडे वळले. "तू काढ." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आपली खाली मान घालून घड्या घालत राहिले. तिला नाही म्हणता आलं नाही गं. मनगटापर्यंत हात भाजला.

काल पुन्हा चादर अडकली. मी सरळ जाऊन बटण बंद केलं आणि म्हटलं, "आता कुणीच हात घालणार नाही." तेव्हापासून मला तळघरात ओले गठ्ठे उचलायला लावलंय. पाठ जरा धरते, एवढंच.

दवाखान्यात तिला भेटून आले. "तुझ्यावर राग नाही," म्हणाली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

धाकटीला शेजारीपाजारी अजून हक्कानं कामं सांगतात का? ती नाही म्हणाली, तर तिला रागावू नकोस, आई.

तुझीच,
थोरली