निम्मं माझ्याकडनं

आप्पा, परवा नात तिच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन आली तेव्हा जरा घुश्श्यातच होती. लग्नाला वर्ष झालंय, मूल हवंय. आईच्या मामाला जन्मापासून ऐकू येत नाही, असं ती तपासताना सहज बोलून गेली, आणि बाईंनी तिला आनुवंशिकतेच्या समुपदेशकाकडे जायला सांगितलं. स्वतः डॉक्टर असून दुसऱ्याकडे कशाला पाठवायचं, असं ती विचारत होती आणि मला हसू येत होतं. हाच प्रश्न तुम्ही सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात, डोक्यावरची टोपी हातात घेऊन विचारला होता. मी तेव्हा तुमच्या मागे उभी होते.

बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. तुम्ही गिरणीत पक्के झाला होता, मोडनिंबचं घर भावकीकडे सोडून आपण सोलापुरात खोली केली होती. माझा धाकटा भाऊ दहा वर्षांचा, जन्मापासून ऐकू न येणारा, आणि चाळीतल्या सगळ्या पोरांचा म्होरक्या. माझं मास्तरकीचं शिक्षण संपत आलेलं, आणि अकलूजच्या आत्यानं मला तिच्या मुलासाठी मागून घेतलेलं. नात्यातली मुलगी नात्यात, यात विचारायचं काय होतं? तुमचं आणि आईचंही तसंच झालेलं, आई तुमच्या मामाचीच मुलगी.

त्यात धाकट्याचा कान वाहायला लागला म्हणून आपण दवाखान्यात गेलो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा कान पुसला, औषध घातलं आणि घरात आणखी कुणाला ऐकू येत नाही का म्हणून विचारलं. आई बोलता बोलता माझं लग्न आत्याकडे ठरल्याचं सांगून गेली. बाईंनी हातातली बॅटरी खाली ठेवली. आधी पुण्याला जाऊन या, म्हणाल्या, तिथं एक बाई हेच काम करतात. तुम्हाला ते पटेना.

"तुमीच सांगा की. तुमी बी डॉक्टरच हाय."

"मी कान बघते," त्या म्हणाल्या. "हा प्रश्न कानाचा नाही, घराण्याचा आहे. त्यातलं मला थोडंच कळतं. आणि बाहेर रांग बघा. मी घाईत सांगेन, तुम्ही अर्धं ऐकाल, आणि अर्ध्या ऐकण्यावर माणसं पोरींची लग्नं मोडतात नाहीतर उरकून टाकतात. तिकडे तुमच्याजवळ बसून नीट सांगतील."

पुण्याच्या त्या बाई खुर्ची ओढून खरंच आपल्या बाजूला येऊन बसल्या. दुपार होईपर्यंत त्या फक्त विचारत होत्या. आजी कुणाची कोण, कुणाची किती मुलं, कोण लहानपणी गेलं. तुम्हाला एकदम तुमच्या आईचा एक मुका भाऊ आठवला, पटकीत गेलेला. त्याचं नावसुद्धा घरात कुणी काढत नव्हतं. तुम्ही ते नाव उच्चारलंत तेव्हा आई तुमच्याकडे बघतच राहिली, कारण तो तिचाही चुलताच की.

मग त्यांनी समजावलं. प्रत्येक माणसाच्या अंगात काही ना काही खोट झाकलेली असते आणि एकट्यानं ती वर येत नाही. आईकडून आणि बापाकडून तीच खोट आली तर मात्र मुलात दिसते. एकाच आजा-पणज्याची माणसं असली की तशी गाठ पडायचा संभव वाढतो. माझ्याही अंगात ती असेल, आत्याच्या मुलाच्याही असेल, नक्की कळायला काही उपाय नाही. बाहेरच्या घरात लग्न झालं तर भीती फारच थोडी. करा किंवा करू नका, हे त्या बोलल्याच नाहीत. ते तुम्ही घरी बसून ठरवा, म्हणाल्या.

आईनं पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "म्हंजे धाकटा पोटात आसताना गिराणात म्या इळीवर वांगी चिरली, त्येचं काय न्हाय?"

"त्याचं काही नाही."

आईनं तेच आणखी दोनदा विचारलं आणि बाईंनी तितक्याच शांतपणे दोन्ही वेळा उत्तर दिलं. दहा वर्षं आत्या, चुलत्या, शेजारणी तिला त्या ग्रहणाचंच ऐकवत होत्या, आणि ती ऐकून घेत होती. परतीच्या पॅसेंजरमध्ये तिनं गाठोडं सोडलं आणि डब्यातल्या अनोळखी बायकांनाही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाटली. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. कुर्डुवाडी गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "तुला काय वाटतं?" घरात त्याआधी मला कुणी असं काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बाहेर बघा. तुम्ही मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसलात. बहिणीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव चालली असणार.

अकलूजला आत्यापुढे तुम्ही मोजकंच बोललात. तिनं आईकडे हात करून सुरुवात केली होती, हिच्यामुळंच हे सगळं, म्हणून.

"आक्का, पोराचं कान हिच्यामुळं न्हाय गेलं. निम्मं माझ्याकडनं आलंय. आन माझ्याकडनं म्हंजे आपल्याच घरातनं."

आत्यानं चुलीतली लाकडं मागे ओढली. मला वाटलं, आता हिचं माहेर तुटलं. मग ती उठली, पेटीतून माझ्यासाठी घेऊन ठेवलेलं हिरवं इरकल लुगडं काढलं आणि आईच्या मांडीवर टाकलं. पोरीला कुटं बी द्या, म्हणाली, पर लगीन लागताना हेच नेसवा. आणि तिचा मुलगा, ज्याच्याशी माझं लग्न होणार होतं, तो गोठ्याच्या दारात उभा राहून इतका खुशीत हसत होता, की त्याचं दुसरीकडे कुठं मन आहे हे सगळ्यांनाच कळलं.

माझं लग्न कुंभारीत, नात्याबाहेरच्या घरात झालं, हिरव्या इरकलात. मुलगी झाली तेव्हा तुम्ही गिरणीतून तसेच दवाखान्यात आलात, अंगाला कापूस चिकटलेला. कुणाचं तरी जेवणाचं ताट उचललंत आणि तिच्या डोक्यामागे पळीनं वाजवलंत. ती दचकून किंचाळली आणि तुम्ही हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मग तुमची नजर धाकट्याकडे गेली आणि तुमचा हात तसाच थांबला. त्यानं तुमच्या हातातून ताट काढून घेतलं आणि असं बडवलं, की सगळी बाळं रडायला लागली आणि नर्सनं तुम्हा दोघांना वॉर्डाबाहेर काढलं. बाहेरूनही तुमचं हसणं ऐकू येत होतं.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती उद्या जाते आहे, नवऱ्याला घेऊन.

तुम्ही आता नाही, हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिते. त्या दिवशी माझी मुलगी ताट ऐकून रडली नसती तरी मला चाललं असतं, आप्पा. धाकट्याशी बोलायच्या सगळ्या खुणा मला येतच होत्या. पण तुम्ही एवढे हसत होतात, की हे सांगायचं मनातच राहिलं.