तंबाखूचं पाणी

तीर्थरूप अव्वाला खाडीकाठून शिवरुद्रचा शरणार्थ.

मी बरा हाय, जेवण वेळेवर मिळतं. मी राखतो त्या तळ्यातल्या माशांना उवा लागल्या. बैलांच्या गोचिडांवर अप्पा तंबाखूचं पाणी लावायचे, तेच मी तळ्यात ओतलं. सगळे मासे मेले, अव्वा.

इथं कांदळाचं बी झाडावरच उगवतं, मोठं झालं की चिखलात सुटतं. त्या झाडाखाली मासे पुरले, वर विभूती टाकली. आपण माशाला शिवत न्हाई, रागावू नको.

अप्पा गेल्याची तार उशिरा मिळाली, मातीला पोचलो न्हाई. माशांवर मूठभर माती टाकताना तोंडात अप्पांचंच नाव आलं.

तुझे गुडघे कसे हायेत? बैलांची गोचिडं आता कोण काढतं गं?

तुझा शिवरुद्र