दाराला आडवा झाडू

साइमाताईस आर्मासचा नमस्कार. तुमच्या घरावर देवाची शांती असो.

ओस्मो भाओजींचा गुडघा कसा आहे? तिकडे दक्षिणेत अजून सूर्य दिसतो असं तू लिहितेस, त्याबद्दल देवाचे आभार मान. इकडे तो डोंगरामागे जाऊन बसला आहे. दुपारी जेवायच्या सुमाराला थोडं निळसर उजाडतं, तेवढ्यात माणसांनी एकमेकांची तोंडं ओळखून घ्यायची. बाकी बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आला आहे आणि मी बरा आहे (तू विचारलं नव्हतंस, तुझ्या पत्रात सगळी चौकशी कुत्र्याचीच होती).

तेव्हा कुत्र्याबद्दल लिहितो. तुमच्या फ्लॅटमध्ये भुंकतो म्हणून तू पेनीला माझ्याकडे पाठवलंस. इथे तो भुंकत नाही, आणि हेच मला पहिल्यापासून खटकलं. दिवसभर बाहेर पायरीवर बर्फात पसरलेला असतो आणि आत आला की माझ्याकडे असा बघतो, जसा चर्चमध्ये उशिरा येणाऱ्याकडे पाद्री बघतो. शिवाय तो फुगत चालला आहे. मी त्याला ओटची लापशी आणि माशांची डोकी घालतो. एवढ्यावर कोणी फुगत नाही; मी स्वतः तेच खातो (डोकी सोडून). आणि त्याच्या तोंडाला कधी कधी वेलदोड्याचा वास येतो. माशाच्या डोक्यात वेलदोडा कुठून येणार?

पण त्याहून मोठी गोष्ट अशी की नाताळाच्या आधीपासून माझ्याकडे कोणी येईनासं झालं. आपलं घर कसं होतं तुला माहीत आहे. येणारा-जाणारा दार उघडून आत यायचा आणि कॉफीचं भांडं चुलीवरून उतरायचं नाही. आता ते उकळून उकळून काळं पडू लागलं. मला एकेकाचा संशय येऊ लागला. आधी वाटलं, माझी कॉफी पातळ होते. मग वाटलं, प्रार्थनासभेत मी म्हणालो होतो की काही जण देवाला नव्हे, शेजारच्या बाकाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने गातात, ते शेजारच्या तौनोला लागलं असेल आणि त्यानेच माझ्याविरुद्ध गाव उठवलं असेल. (मी नाव घेतलं नव्हतं. पण तौनो गातो तेव्हा खिडक्या थरथरतात.)

यातही सगळ्यात जिव्हारी लागलं ते एल्माबाईंचं. प्रार्थनेनंतर चर्चमध्ये कॉफी देतात त्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझ्या पेल्यात त्या न विचारता साय घालतात. (हे फक्त तुला लिहितो. भाओजींना वाचून दाखवू नकोस.) मी धीर करून त्यांना रविवारी कॉफीला बोलावलं. पांढरा शर्ट घालून मागच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी दुपारभर बसलो. त्या आल्या नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं, तर म्हणाल्या, "येईन की. तुम्ही घरी असाल ना पण?" आणि साय घातली नाही. त्याही खेपेला आल्या नाहीत. संध्याकाळी बाहेर जाऊन पाहतो तर ताज्या बर्फात बाईच्या बुटांचे ठसे, माझ्या पायरीपर्यंत आलेले आणि तिथूनच परत गेलेले. आता दारापर्यंत येऊन माणूस का परतेल? मी दार हुंगून पाहिलं, शर्ट हुंगून पाहिला. काही कळेना. पेनी पायरीवर ओठ चाटत बसला होता.

गेल्या आठवड्यात मी लाकडाच्या खोपटात होतो, तिथे तौनो आला. आल्या आल्या म्हणाला, "सापडलास! बोल, कुठे असतोस रे तू हल्ली?"

"घरी."

"घरी म्हणे! कधीही बघावं तर दाराला झाडू आडवा. नदीपलीकडच्या त्या शिवणवालीकडे जातोस, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आणि आम्हाला गाण्यावरून उपदेश करतोस होय?"

तुम्ही शहरात कुलपं लावता, म्हणून विसरली असशील. आपल्याकडे बाहेर जाताना बर्चच्या काटक्यांचा झाडू दाराला आडवा टेकवतात. आडवा असला म्हणजे घरात कोणी नाही, आणि मग पाहुणा हाकही मारत नाही, आल्या पावली परततो. मी घरात असताना झाडू आडवा कोण लावणार? मी म्हणालो, तूच लावत असशील. तो म्हणाला, देवाला भिऊन बोल. शेवटी दोघेही मागच्या दाराने आत गेलो, पुढच्या खिडकीवरचा बर्फ अंगठ्याने खरवडला आणि भोकाला एकेक डोळा लावून बसलो.

ताई, मी डोळ्यांनी पाहिलं. पेनी उठला. आळस दिला. रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग कोपऱ्यातला झाडू तोंडात धरून त्याने दारापर्यंत ओढत आणला, आडवा टाकला आणि त्याच्यापुढे पंजे जुळवून बसला. थोड्या वेळाने तौनोचीच बायको आली, झाडू पाहून थबकली आणि म्हणाली, "आज पण नाही का रे तुझा मालक?" हातातला वेलदोड्याचा गोड पाव घरी परत काय न्यायचा, म्हणून तिने त्याच्यापुढे टाकला आणि निघून गेली. मी खरंच बाहेर असताना झाडू आडवा पाहून कोणीतरी असाच पाव टाकून गेलं असणार, त्यावरून त्याने अर्थ काढला. (मी दार ढकललं की झाडू बाजूला पडायचा. मला वाटायचं, वारा.) तौनो हसून हसून जमिनीवर बसला. मग उठून म्हणाला, "म्हणजे माझ्याच घरचा पाव!" आणि हसायचा थांबला.

मी तसाच एल्माबाईंकडे गेलो आणि खरं ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आर्मास, शिवणवालीचं मी समजून घेतलं असतं. पण मुक्या जनावरावर ढकलता?" आयुष्यात मी खोटं बोललो नाही, आणि माझं एकच खरं असं निघालं की ते ऐकून चांगल्या बाईने दार लावून घ्यावं. तेव्हा तुझा कुत्रा बर्फ वितळताच घेऊन जा, ही विनंती. भाओजींना नमस्कार.

तुझा भाऊ
आर्मास

ता. क. – कुत्रा न्यायच्या आधी एक कर. एल्माबाईंना चार ओळी लिही की पेनी पहिल्यापासून असाच लबाड आहे. खोटं लिहू नकोस. 'तो हे करू शकेल' एवढं लिहिलंस तरी चालेल.

ता. क. दुसरा – वादळामुळे टपालाची गाडी आली नाही, म्हणून पत्र इथेच राहिलं. तेवढ्यात एल्माबाई खरंखोटं पाहायला स्वतः आल्या. आम्ही दोघे खोपटाआड खांद्याला खांदा लावून थांबलो. पेनीने आमच्याकडे पाहिलं आणि झोपून गेला. झाडूला शिवला नाही. गारठून गेल्यावर त्या म्हणाल्या, "आत चला, कॉफी तरी घ्या," जणू घर त्यांचंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायला आल्या. मग रोजच. कुत्रा काही केल्या लबाडी करत नाही, आणि त्या रोज म्हणतात की अजून माझी खात्री पटलेली नाही. तेव्हा तू त्यांना काहीही लिहू नकोस. कुत्रा न्यायचंही इतक्यात बोलू नकोस. आजपासून त्यांनी विणकामाची पिशवी माझ्या खुर्चीवरच ठेवली आहे, रोज ने-आण करणं जड होतं म्हणून. पिशवीत लोकरीचा एकच गुंडा आहे.