बुटातली चिठ्ठी

७ मे

चि. वकीलबाई हिस मामाचे अ. उ. आ.

काल बसमध्ये चढताना तू आईला हात केलास आणि माझ्या वाट्याला नुसती भुवई आली. भुवई पोचली, आभारी आहे.

चर्चच्या शिबिरात पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन जमा करतात हे कळल्यापासून तुमच्या पाळकसाहेबांविषयी मला नितांत आदर वाटू लागला आहे. चोवीस वर्षं संस्कृत शिकवून मला जे साधलं नाही, ते त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यात साधलं. आपल्या गल्लीतला बेकरीवाला रोज तिकडे पाव पोचवतो आणि येताना पत्रं आणतो म्हणे. तेव्हा आपला पत्रव्यवहार निदान पावाइतका ताजा राहील.

इकडे सर्व क्षेम. माझ्या चष्म्याची काडी पुन्हा लोंबते आहे. आजोबा होते तोवर त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात गेलं की न विचारता नाकावरून चष्मा काढून घ्यायचे, स्क्रू आवळायचे आणि परत नाकावर ठेवायचे. आता दोऱ्यानं बांधली आहे. वर्गात मला ऋषी म्हणू लागले आहेत.

तुझ्या आईला एकच घोर. तू आणि तुझी मैत्रीण दवंडी (नाव मी ठेवलेलं, बातमी तिच्या पोटात राहत नाही म्हणून) एकाच खोलीत आहात. बालवाडीपासून एका डब्यात जेवलेल्या मुली तीन महिने एकमेकींकडे बघत नाहीत, आणि कारण विचारलं की तू विषय संपला म्हणून निकाल देतेस. मी काही विचारत नाही. फक्त कळवलं.

लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा, ही मागणी.

तुझा मामा

*

८ मे

ती. मामास स. न. वि. वि.

पत्र पावाच्या टोपलीत आलं. त्याला अजून वास आहे.

इथे चाळीस जण आहोत. खोलीत दोनमजली पलंग आठ, मी वरच्यावर. सकाळी गाणी, मग शास्त्रपाठ, मग तळ्यावर पोहणं. आमच्या गटाकडे भांडी आहेत. चाळीस जणांच्या सूपचं पातेलं घासायला मी आत उतरले तर बाहेरून नुसते पाय दिसतात. गटाची ताई म्हणाली की देवानं योना माशाच्या पोटात घातला, तुला पातेल्यात.

एक गंमत आहे. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकतात. जिची चिठ्ठी येईल तिच्यासाठी बारा दिवस गुपचूप प्रार्थना करायची. व्हरांड्यात प्रत्येकाच्या नावाची कापडी पिशवी खुंटीला टांगली आहे. नाश्त्याआधी आपल्या माणसाच्या पिशवीत एक ओळ लिहून टाकायची, सही न करता. शेवटच्या संध्याकाळी कोण कुणाचं ते सांगायचं. माझ्या पिशवीत रोज ओळ येते. कुणीतरी छोटं असावं, प्रत्येक ओळीखाली बदक काढलेलं असतं.

तुला एक विचारायचं होतं. आमच्या खोलीत एक मुलगी आहे. तिला नको असलेल्या माणसाची चिठ्ठी आली. तिनं कुणाला सांगितलं नाही, चिठ्ठी बुटात घातली आणि गप्प बसली. हे पाप आहे का नुसतं वाईट?

आईला सांग, मी जेवते.

तुझी भाची

*

९ मे

चि. वकीलबाई हिस अ. उ. आ.

पातेल्याचा मजकूर जेवताना मोठ्यानं वाचला. तुझी आई इतकी हसली की पाणी नाकात गेलं.

आता तुझ्या त्या ‘एका मुली’विषयी. चोवीस वर्षांत माझ्याकडे अशा पुष्कळ ‘एक मुली’ आल्या. एका मुलीचा गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला असेल तर. एका मुलीनं पेपर आधी पाहिला असेल तर. पुढे प्रत्येक वेळी ती मुलगी समोरच उभी असल्याचं निष्पन्न झालं. तेव्हा तिला माझा निरोप दे. पाप की वाईट हे पाळकसाहेबांना विचार, मी व्याकरणाचा माणूस. मला फक्त एवढं दिसतं की चाळीस पिशव्यांपैकी एक पिशवी रोज रिकामी राहत असणार, आणि जिची ती आहे तिला मोजता येतं.

आणि बूट कोणता ते विचारत नाही. उजव्यात असेल तर चालताना टोचत असेल, इतकंच.

लोभ कमी करू नये, असलेला लपवूही नये.

तुझा मामा

*

१० मे

ती. मामास स. न.

डाव्यात आहे. टोचते.

दवंडीची चिठ्ठी आहे. तुला कळलंच असेल.

मामा, तिनं माझ्यावर कसली प्रार्थना लादली तुला माहीत नाही. आजोबा आजारी होते तेव्हा मी रोज प्रार्थना केली होती, चार आठवडे, गुडघ्यावर. नंतर ते गेले. तेव्हापासून मला प्रार्थना येत नाही. चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवते. हे मी फक्त दवंडीला सांगितलं होतं, आमच्या जिन्यात, शप्पथ घालून. पुढच्या शुक्रवारी तरुणसंघात प्रार्थनेच्या विनंत्या मागितल्या, तर ही उभी राहिली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली की माझ्या मैत्रिणीचा विश्वास उडालाय, तिच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करा. वर नाव घेतलं! तेरा जणांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मग डोळे मिटले. त्यातला एक जण अजून रस्त्यात भेटला की कशी आहेस असं विचारतो, डॉक्टरसारखं. मोठ्यांपर्यंत गेलं नाही हे नशीब. चहाडी केली असती तर भांडता तरी आलं असतं. प्रार्थनेशी कसं भांडायचं?

आणि आता तिच्यासाठी मी प्रार्थना करायची. जिला येत नाही तिनं, जिच्यामुळे सगळ्यांना कळलं तिच्यासाठी.

पहिले दोन दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ती पिशवीत हात घालायची, मग पिशवी उलटी करायची. काल तिनं ताईला विचारलं की माझी चिठ्ठी टोपीत टाकायची राहिली का. हसत विचारलं. पण आज ती पिशवीकडे गेलीच नाही, आणि भांडी घासताना एक शब्द बोलली नाही. दवंडी, मामा. एक शब्द नाही. पातेल्यात उतरायची पाळी तिची होती. किती वेळ ती बाहेरच आली नाही.

हे आईला वाचून दाखवू नकोस.

तुझी

*

११ मे

चि. वकीलबाई हिस अ. उ. आ.

वाचून दाखवलं नाही. आईला सांगितलं की पातेलं अजून मोठंच आहे.

तुला मी एक सांगतो, ते तूही कुणाला दाखवू नकोस. आजोबा गेल्यापासून जेवणाआधीची प्रार्थना माझ्याकडे आली. तू डोळे मिटून ऐकत आलीस. कृपासागरा, करुणानिधे, अनाथांच्या आश्रया. तुझी आई कौतुक करते. त्यातला एकही शब्द मी वर्षभरात कुणाला उद्देशून म्हटलेला नाही. शब्द लांब, आणि आत मी नाही. तुझे नुसते ओठ हलत होते, माझा आवाजही निघत होता, एवढाच फरक. तेव्हा आपल्या दोघांत ढोंगी कोण हे तू वकील असून तुलाच ठरवायला लागेल.

काल तुझं पत्र खिशात घालून जेवायला बसलो. आईनं नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. सागर, निधी, काही आठवेना. मी म्हटलं, देवा, बाबांची फार आठवण येते. आणि थांबलो. तुझ्या आईनं डोळे उघडले नाहीत, नुसता माझा हात धरला. सूप निवलं.

ती प्रार्थना झाली का हे मला माहीत नाही. वर्षभरात पहिल्यांदाच कुणाशी तरी बोललो असं वाटलं.

दवंडीनं चूक केली. शपथ मोडली ती मोडलीच, डोळ्यांत पाणी होतं म्हणून ती अर्धी होत नाही. फक्त एक गोष्ट बघ. तिला जड झालं आणि काय करावं ते सुचेना, तेव्हा तिला एकच जागा ठाऊक होती, ती तिथे गेली. चुकीच्या आवाजात गेली.

येत नसेल तर येत नाही असं लिही. कोऱ्या कागदापेक्षा ते बरं.

लोभ असावा, मला त्याची गरज आहे.

मामा

*

१४ मे

ती. मामास स. न. वि. वि.

काल पहाटे सगळ्यांच्या आधी उठून व्हरांड्यात गेले. तिच्या पिशवीत लिहून टाकलं. नेमकं सांगते: ‘तुझी चिठ्ठी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. मी बुटात ठेवली होती. तू जे केलंस त्याचा मला अजून राग आहे. मला प्रार्थना येत नाही हे तुला माहीत आहेच. पण तू गप्प झालीस ते मला आवडलं नाही.’ खाली सही केली. सही करायची नसते, नियम मोडला. चुरगळलेली चिठ्ठीसुद्धा आत घातली, पुरावा म्हणून.

मग नाश्त्याला माझा पाव मी शेजारणीला देऊन टाकला. तिच्या हातात माझं दुसरं गुपित, मामा! टोपीचा नियम मोडल्याचं आणि प्रार्थनेचं पुन्हा, दोन्ही. आणि काल संध्याकाळीच साक्षीची सभा होती. जिला वाटेल तिनं उठून बोलायचं. ती उठली तेव्हा मी बाकाची कड धरली होती. तिनं तळ्यातल्या थंड पाण्याबद्दल देवाचे आभार मानले आणि बसली!

आज सकाळी मी पिशवीत दुसरी ओळ टाकली. लिहायला बसले तर मनातल्या मनात तिचं नाव घेऊन म्हणत होते की हिचं बरं कर. कुणाला म्हणत होते ते थोडं नंतर लक्षात आलं. मग मी काही विचार केला नाही, भांडी घासायला गेले. बाकीच्या मुली रडतात आणि म्हणतात की देव भेटला. माझं तसं काही झालेलं नाही, तू आईला भलतंच सांगू नकोस. पण ओठ हलत नव्हते आणि तरी म्हणत होते, एवढं खरं.

आजोबांचा बारका स्क्रूड्रायव्हर माझ्या कंपासपेटीत आहे. मी मागून घेतला होता, शेवटी. आल्यावर तुझी काडी आवळून देते. दोरा काढू नकोस तोवर.

तुझी वकील

*

१९ मे

ती. मामांस दवंडीचा प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

तुमची भाची बॅग भरते आहे आणि म्हणाली की मामाला पत्र तू लिही, म्हणून मी. बसच्या आधी हे पोचेल, बेकरीवाले काका थांबले आहेत.

काल शेवटची संध्याकाळ झाली. सगळ्यांनी आपापल्या पिशव्या रिकाम्या करून ओळी मोजल्या. तिच्या बदकवाल्या ओळी बारा निघाल्या, आमच्या स्वयंपाकघरातल्या आजींनी टाकल्या होत्या. त्यांना बदकाशिवाय काही काढता येत नाही म्हणे. प्रत्येकाला बारा होत्या. माझ्या सहा. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की हिच्या सहाच का, आणि हिची प्रार्थना कोण करत होतं. ती उठायला लागली. तिचे कान लाल झाले होते, ते मला मागूनही दिसतात. मी आधी उठले. म्हटलं, माझी जरा उशिरा सुरू झाली, पण सहा पुरल्या. सगळे अजून काही बोलेन म्हणून थांबले होते. मला ओळखतात ना.

मामा, पहिली ओळ तुम्हाला वाचायला मिळाली असती तर बरं झालं असतं. फार चांगली होती. तुम्हाला ती दाखवेल की नाही माहीत नाही. मी फेब्रुवारीत जे केलं त्याबद्दल मी तिची माफी मागितली, तळ्याकाठी. ती काय म्हणाली ते सांगण्यासारखं आहे.

पण ते तिनं सांगायचं.

तुमचा आशीर्वाद आणि ते नाव, दोन्ही असू द्या. नाव हाक मारण्यापुरतंच.

तुमची दवंडी